अनुदान खातेदाराला, पाणी कोणाचे?

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेने 2018 साली कोकणातील खातेदाराला 10 हेक्टरपर्यंतच्या लागवडीसाठी 50, 30 आणि 20 टक्के अशा तीन वार्षिक हप्त्यांनी अनुदान देऊ केले, आणि पहिल्या वर्षी किमान 80 व दुसऱ्या वर्षी 90 टक्के झाडे जगल्याखेरीज पुढील हप्ता नाही असा दंडक घातला, हे निःसंशय स्तुत्य होय. कारण खड्ड्यांचे पैसे घेऊन रोपे उन्हाच्या स्वाधीन करण्याची रीत आपल्याकडे अपरिचित नाही. परंतु पालघर जिल्ह्यात चैत्र-वैशाखात आंब्याच्या कलमाला आळे करून हंड्याने पाणी घालणारा, बुंध्याशी गवत अंथरणारा आणि वणवा लागला तर हिरवा डहाळा घेऊन धावणारा कष्टकरी बहुधा वारली वा कोकणा असतो, आणि अनुदान जमा होते सातबारावरील नावाच्या खात्यात. उताऱ्यावर कूळ असल्यास त्याची संमती तरी घेतात; तोंडी बोलीवर अर्धेलीने कसणाऱ्याची दप्तरात गणतीच नाही. बोईसर-तारापूरकडे, जेथे औद्योगिक वसाहतीमुळे जमिनीच्या भावाने बागेच्या उत्पन्नाशी केव्हाच फारकत घेतली आहे, मालकाचे लक्ष कलमापेक्षा बिनशेती परवानगीकडे अधिक, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, पण थोडेच. म्हणून कृषी खात्याने मोका तपासणीत झाडे मोजताना ती कोणी जगवली याचीही नोंद करावी आणि दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्याचा काही हिस्सा परभारे त्याच्या खात्यात भरावा. ज्या खातेदाराची यास हरकत असेल, तो स्वखर्चाने बाग लावण्यास मुखत्यार आहे.