विश्लेषण : डीजेच्या गाण्यातला ‘तो’ आवाज कोणाचा?

साकीनाक्यात खैरानी रोडवर गणपतीची मिरवणूक निघाली की स्पीकरच्या भिंतीतून अनेकदा आधी एखादा फिल्मी डायलॉग येतो, मग बेस. हे डायलॉग मोबाइलवरून मोबाइलवर फिरतात. बोलणाऱ्याचे किंवा लिहिणाऱ्याचे नाव त्यांच्यासोबत फिरत नाही. आता एआयने कोणाचाही आवाज तयार होतो. त्यामुळे आवाज मुळात कुठला, ही केवळ हौशी संग्राहकांची चौकशी उरलेली नाही.

ही पद्धत आली कुठून?

शिकागोच्या हाउस संगीतात बोललेले तुकडे सर्रास वापरले गेले. १९८७ मध्ये ‘रिदम कंट्रोल’च्या ‘माय हाउस’ या रेकॉर्डवर चक रॉबर्ट्सने हाउसच्या जन्माची कथा धर्मोपदेशकाच्या थाटात सांगितली. तेच बोल पुढे लॅरी हर्डच्या ‘कॅन यू फील इट’वर चढवले गेले. ते मूळचे याच गाण्यातले, असा समज आजही आढळतो.

आपल्याकडे संवाद चित्रपटातून सुटा झाला तो याच्याही आधी. ‘शोले’ १९७५ मध्ये आला आणि त्याच्या संवादांची स्वतंत्र एलपी पॉलिडोरने काढली. गाणी नव्हे, संवाद! ती तुफान खपली. गब्बर पडद्याविना ऐकू येऊ लागला.

परवानगी कोणाची लागते?

शब्दांवर लेखकाचा किंवा करारानुसार निर्मात्याचा हक्क, ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा किंवा कंपनीचा. कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपट आणि ध्वनिमुद्रणावरील हक्क ६० वर्षे टिकतो. म्हणजे ‘शोले’ चित्रपटाचा २०३५ अखेरपर्यंत. कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात ध्वनिमुद्रण वाजवण्यास सूट आहे आणि मिरवणुकीसाठी तिचा आधार घेता येईल. पण वाजवणे वेगळे आणि तुकडा कापून, नवा ट्रॅक करून यूट्यूबवर टाकणे वेगळे. त्याला ही सूट नाही.

आणि आवाजाचे काय?

इथे न्यायालये पुढे सरसावली आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचे नाव, आवाज, इतकेच नव्हे तर त्यांच्या ढंगातल्या ‘झकास’चाही विनापरवाना व्यावसायिक वापर रोखला. (झकास हा शब्द मुंबईत त्यांच्याआधीपासून आहे, ही गोष्ट वेगळी.) जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल पुरवणाऱ्यांना अंतरिम मनाई केली.

कापलेल्या तुकड्याचा माग एलपीपर्यंत काढता येतो. एआयने नव्याने बोलवलेल्या गब्बरमागे मात्र कॉपी झालेले असे कोणतेही एक रेकॉर्डिंग दाखवता येत नाही. मग कंपनीचा दावा लंगडा पडतो आणि उरतो तो कलाकाराचा हक्क. अमजद खान १९९२ मध्ये गेले. आणि असा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो, तो वारसांकडे जात नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणात म्हटले आहे.