शिफ्टिंग? आधी आईला विचारा!

पातूरचं घर बंद करून आई-बाबांना पुण्याला आणायचं ठरलं, की आपण पहिला फोन पॅकर्सवाल्याला लावतो. थांबा बॉस! आधी आईसोबत एक दुपार बसा. धान्याची कोठी, पाटा-वरवंटा, पितळी गुंड हे सगळं टूबीएचकेत मावणार नाही, हे तिलाही कळतं. पण काय न्यायचं, काय भाचीला द्यायचं, ते तिलाच ठरवू द्या. आपण परस्पर भंगारवाल्याला बोलावलं, तर पुण्यात महिनाभर घरात अबोला! आणि पाटा न्यायचाच म्हणाली, तर न्या. जड आहे, मान्य. पण नव्या किचनमध्ये तिच्या ओळखीचं काहीतरी हवंच ना.

बाकीचा फंडा सोपा आहे. मे महिना टाळा, अकोल्याकडे पारा 45च्या घरात असतो. पातूरला रेल्वे नाही, त्यामुळे बाइक पार्सलने पाठवायची तर अकोला स्टेशन गाठा. टाकी रिकामी हवी, आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स सोबत हवी. गॅस सिलिंडर ट्रकमध्ये चढवू नका. रेग्युलेटरसकट एजन्सीत जमा करा, डिपॉझिट परत घ्या आणि व्हाउचर जपून ठेवा. पुण्यात कनेक्शन घेताना ते लागतं. बाबांच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा, पेन्शनचं पासबुक हातातल्या बॅगेतच.

आणि घर विकायची घाई पहिल्याच वर्षी नको. नवरात्रात आईला रेणुकामातेच्या टेकडीवर जायचं असणारच. तेव्हा उतरायचं कुठे?