विश्लेषण : परिचारिकांची नोंदणी सक्तीची, पण नोंदवही किती अद्ययावत?

रुग्णालयात सलाइन लावणारी, इंजेक्शन देणारी किंवा बाळंतपणात मदत करणारी ‘सिस्टर’ नोंदणीकृत आहे का, हे रुग्ण किंवा नातेवाईक सहसा विचारत नाहीत. गणवेश पाहिला की विश्वास बसतो. कायद्याला मात्र गणवेश पुरत नाही. नोंदवहीत नाव लागते. २०२३ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने ही अट अधिक कडक केली आहे. तिचा फायदा रुग्णांना आणि परिचारिकांना कितपत होईल, हे नोंदवही कशी ठेवली जाते यावर ठरणार आहे.

नोंदणी सुरू कधी झाली?

तत्कालीन मुंबई प्रांतात परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. देशभरातील प्रशिक्षणाचा दर्जा एकसारखा राहावा म्हणून १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. महाराष्ट्राने १९६६ मध्ये स्वतंत्र परिचारिका कायदा केला. केंद्राने अभ्यासक्रम ठरवायचा आणि राज्याच्या परिषदेने नोंदणी करायची, अशी ही विभागणी आहे.

नोंदणी कोणाला मिळते?

एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग हा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना. जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी चार वर्षांचा असतो. हे दोन अभ्यासक्रम करणाऱ्यांची परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी नोंदणी होते. एएनएमची नोंद वेगळी असते. प्रमाणपत्र एकदा मिळाले की संपले, असे नाही. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. महाविद्यालयाला मान्यताच नसेल, तर भरमसाट शुल्क भरून आणि सर्व परीक्षा देऊनही नोंदणी मिळत नाही. त्यामुळे प्रवेशाआधी मान्यता तपासणे गरजेचे ठरते.

दुसऱ्या राज्यातून आल्यास?

मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळमधून आलेल्या परिचारिका मोठ्या संख्येने काम करतात. आजवरच्या पद्धतीनुसार त्यांना मूळ राज्याच्या परिषदेकडून ना-हरकत आणि पडताळणी घेऊन इथे पुन्हा नोंदणी करावी लागते. नोकरी बदलली, लग्नानंतर राज्य बदलले, की कागदपत्रांचा प्रवास पुन्हा सुरू. परदेशी जाणाऱ्यांनाही मूळ परिषदेची पडताळणी लागते. ती रखडली, तर हातातली नोकरी जाण्याची भीती असते. भारतीय परिचर्या परिषदेने प्रत्येक परिचारिकेला देशपातळीवरील ओळख क्रमांक देण्याची व्यवस्था सुरू केली, ती हा गुंता सोडवण्यासाठीच.

नवा कायदा काय सांगतो?

‘राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग कायदा, २०२३’ हा १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी आहे. त्यात २९ सदस्यांचा राष्ट्रीय आयोग, राज्यांचे आयोग आणि शिक्षण, मूल्यांकन व नीतिमत्ता-नोंदणी अशी तीन मंडळे आहेत. राज्यांच्या नोंदवह्यांबरोबर ऑनलाइन राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नवी यंत्रणा पूर्ण उभी राहीपर्यंत रोजच्या नोंदणीचे काम जुन्या परिषदांकडेच राहते.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण आकड्यांची. केंद्र सरकारने २०२२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात सुमारे ३३.४१ लाख नोंदणीकृत परिचारिका होत्या. दर हजार लोकसंख्येमागे १.९६ असे प्रमाण सरकारने सांगितले होते. यासाठी तीनचा निकष सांगितला जातो. पण नोंदणीकृत म्हणजे कार्यरत नव्हे. निवृत्त झालेल्या, परदेशी गेलेल्या, व्यवसाय सोडलेल्या आणि हयात नसलेल्यांची नावे वेळेवर कमी झाली नाहीत, तर कागदावर मनुष्यबळ फुगते आणि वॉर्डात एका परिचारिकेवर अनेक खाटांचा भार पडतो. भरतीचे आणि नव्या महाविद्यालयांचे निर्णय अशाच आकड्यांवर होतात.

दुसरी अडचण अंमलबजावणीची. शुश्रूषागृह नोंदणीच्या १९४९ च्या कायद्यात पुरेशा पात्र परिचारिकांची आणि प्रसूतिगृहात पात्र प्रसाविकेची अट आहे. तरीही लहान रुग्णालयांत हाताखाली शिकून तयार झालेल्या मुली परिचारिकेचे काम करतात. घरी रुग्णसेवेसाठी ब्युरोमार्फत येणाऱ्या व्यक्तीलाही सरसकट ‘नर्स’ म्हटले जाते. चूक झाली तर रुग्णाचे नुकसान होतेच. कमी पगारात राबणारी ती मुलगीही अडकते. कारवाईचा रोख तिला कामावर ठेवणाऱ्यांकडे वळला नाही, तर कडक शिक्षेचा धाक सर्वांत दुबळ्या व्यक्तीलाच बसेल.

प्रसाविकांचे काय?

आपल्याकडे प्रसाविका हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून फारसा रुजलेला नाही. दुहेरी नोंदणी असली, तरी अनेक परिचारिकांची नेमणूक प्रसूती कक्षाऐवजी इतर वॉर्डांत होते. केंद्राने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून परिचारिकांसाठी १८ महिन्यांचे विशेष प्रसाविका प्रशिक्षण आणले. नव्या कायद्याच्या नावातच प्रसूतिविद्या आहे, पण अधिकार आणि पदे मिळाली तरच त्याला अर्थ येईल.

रुग्णांच्या हाती काय?

ब्रिटनमध्ये परिचारिकेचे नाव टाकून कोणीही तिची नोंदणी ऑनलाइन पाहू शकतो. तिथे दर तीन वर्षांनी किमान ४५० तास प्रत्यक्ष काम आणि ३५ तास शिक्षण झाल्याचे दाखवावे लागते. आपल्याकडेही राष्ट्रीय नोंदवही सामान्य माणसाला मोबाइलवर सहज तपासता आली आणि ती वेळोवेळी अद्ययावत झाली, तर सक्तीला अर्थ राहील. तोवर घरी परिचारिका ठेवताना नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख विचारण्यात संकोच करू नये. ज्या परिचारिकेने हे प्रमाणपत्र मेहनतीने मिळवले आहे, तिलाही या प्रश्नाचे वाईट वाटण्याचे कारण नाही.