मतमोजणीचा धडा

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचा हंगाम आला की तेथील अनेक शाळांतून मुलांची लुटुपुटीची निवडणूक भरते. मुले फलक रंगवितात, उमेदवारांच्या वतीने भाषणे ठोकतात, मतपेटीत चिठ्ठ्या टाकतात. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु मते कशी मोजतात आणि हरलेल्याने पुढे काय करावयाचे, हे सांगण्यापूर्वीच घंटा वाजली, तर धडा अर्धाच राहिला असे आम्ही म्हणू.

या उरलेल्या धड्याचे मोल त्या देशास दोनदा कळले. 2000 साली अल गोर यांना देशभरात जॉर्ज बुश यांच्याहून पाच लाखांवर अधिक मते पडली. पण तेथे अध्यक्ष ठरतो तो 538 निर्वाचकांच्या मतांनी. त्यांपैकी 270 मते मिळवावी लागतात. फ्लॉरिडात बुश अवघ्या 537 मतांनी पुढे राहिले आणि त्या राज्याचे सर्व 25 निर्वाचक त्यांच्या पदरी पडले. 12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय विरुद्ध गेला. तो आपणांस पटलेला नाही असे स्पष्ट सांगून गोर यांनी दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला.

2020 साली याच्या उलट घडले. पेन्सिल्व्हेनिया व विस्कॉन्सिन या राज्यांत टपाली मतांचे लिफाफे मतदानाच्या दिवसापूर्वी उघडण्यास कायद्याची मुभा नव्हती. साहजिकच ती मते मागाहून मोजली गेली आणि आघाडी पालटली. पराभूत अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यास लबाडी म्हटले, न्यायालयांनी दावे फेटाळले, तरीही 6 जानेवारी 2021 रोजी संतप्त जमाव संसदभवनात घुसला. शाळेतील एका तासाने हा अनर्थ टळला असता, असा आमचा दावा नाही. परंतु अफवेला रान मोकळे मिळते ते अज्ञानातच.

पक्षपाताचा आरोप येईल या धास्तीने शिक्षक हा विषय टाळतात. आपले मत कोणाला, हे शिक्षकाने सांगू नयेच; पण मत कसे मोजतात हे सांगण्यात पक्षपात कसला? आम्हीही एके काळी फळ्यापुढे उभे राहिलो आहोत. मौन म्हणजे निःपक्षपात नव्हे.

आपण तरी कोठे पुढे आहोत? 1969 साली राष्ट्रपतिपदाचा निकाल पहिल्या पसंतीच्या मतांवर लागला नाही. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर वराहगिरी गिरी निवडून आले. हे कसे घडले, हे आमच्या किती विद्यार्थ्यांना सांगता येईल? त्यासाठी नव्या पुस्तकाची गरज नाही. वर्गनायकाची निवडणूक घ्यावी, चिठ्ठ्या मुलांकडूनच सर्वांसमक्ष मोजवाव्यात, आणि निकालानंतर पहिले दोन शब्द हरलेल्या मुलास बोलू द्यावेत.