पडद्यावरचे बंड आणि घरचा उंबरठा

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, तेव्हा त्यातील तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. पडद्यावर उभी राहण्यास स्त्री मिळत नव्हती. पुढे लवकरच फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी ती कोंडी फोडली. आज परिस्थिती अशी उलटली आहे की, बंडखोर नायिका हा चित्रपटाच्या जाहिरातीचा हुकमी एक्का झाला आहे. अशी नायिका पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांत पुरोगामी कार्यकर्ते सर्वांत पुढे असतात. त्या टाळ्यांचा हिशेब एकदा मांडला गेला पाहिजे.

आरंभ 'कुंकू'पासून करणे उचित ठरेल. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली प्रभातसाठी हा चित्रपट काढला. जरठ-कुमारी विवाहावर त्यापूर्वी देवलांनी 'शारदा' लिहून ठेवले होते. परंतु शारदेची सुटका दुसऱ्यांनी केली. 'कुंकू'तील नीरा कोणा उद्धारकर्त्याची वाट पाहत नाही. फसवून लावलेले लग्न ती मानत नाही, आणि वृद्ध पतीला पतिपणाचा हक्क बजावू देत नाही. तिच्या या नकारापुढे घरातील प्रत्येक सत्ता हतबल होते. मात्र शेवटी नीरेला मोकळे करतो तो पश्चात्तापदग्ध काकासाहेबांचा आत्मघात. तिच्या नकाराचे बळ एवढे मोठे, पण तिला मुक्त करण्याची वाट कथेला सापडली ती पुरुषाच्या मृत्यूतच. समाजात तशी वाट दुसरी नव्हतीच, हे त्या चित्रपटाने प्रामाणिकपणे दाखवले.

या प्रकरणाचा उत्तरार्ध मात्र कोणी सांगत नाही. नीरेचे काम करणाऱ्या शांता आपटे १९३९ साली कंपनीशी झालेल्या कराराच्या वादातून प्रभातच्या दारात उपोषणास बसल्या, आणि पुढच्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून त्यांनी या धंद्यातील स्त्रीची स्थिती उघड केली. कामाच्या अटींसाठी मालकाच्या फाटकाशी धरणे धरणारी ही स्त्री म्हणजे एक कामगारच होती. नीरेचे कौतुक आजही होते. शांताबाईंच्या उपोषणाची आठवण निघाली तर ती तारकेचा लहरीपणा म्हणून. पतीविरुद्धचे बंड रसिकांना पचले, परंतु मालकाविरुद्धचे बंड पचले नाही.

'कुंकू'नंतर पंचेचाळीस वर्षांनी, १९८२ साली, 'उंबरठा' आला. शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि सुलभा महाजनच्या भूमिकेत स्मिता पाटील. सुलभेचे घर कर्मठ नाही. तेथे समाजकार्याचे वावडे नाही; ते घराच्या सोयीने व्हावे, एवढीच अट आहे. ती अट मोडून सुलभा संगमवाडीच्या महिलाश्रमाची अधीक्षिका होते. आश्रमाचा कारभार आतून किती सडलेला आहे, हे तिला तेथे दिसते आणि ती संचालक मंडळाशी झगडते. परत येते तेव्हा वकील पतीने दुसऱ्या स्त्रीशी संबंध जोडलेला असतो. सुलभा पुन्हा घर सोडते. हा पती खलनायक नाही, सुसंस्कृत गृहस्थ आहे. आणि चित्रपटाचा खरा वार याच ठिकाणी आहे. तो वार पुरोगामी घरावर आहे.

हा वार चुकवण्याच्या दोन युक्त्या प्रचलित आहेत. पहिली सोपी आहे: डोळे पुसायचे, टाळ्या वाजवायच्या आणि घरी येऊन जेवणाचे ताट मागायचे. दुसरी अधिक चतुर आहे आणि ती डाव्या कार्यकर्त्यांना विशेष प्रिय आहे. 'हे मध्यमवर्गीय बंड आहे. बंगल्यातील बाईला घर सोडणे परवडते, चाळीतील बाईने कोठे जावे?' असा प्रश्न टाकून विषय संपवला जातो. प्रश्न खोटा नाही. परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत जिचा संसार आहे, तिला उंबरठा ओलांडला की सरळ रस्ताच लागतो. परंतु हा प्रश्न विचारणाऱ्याने त्याचे उत्तर शोधण्यासाठी काय केले, हेही विचारावे लागेल. चाळीतील बाईला घर सोडणे परवडत नाही, म्हणून तिच्या घरात जे चालते त्याविषयी पक्षाने बोलू नये, असा निष्कर्ष यातून काढला जात असेल, तर तो सुलभेच्या पतीपेक्षाही सोयीचा युक्तिवाद आहे.

गिरणगावातील स्त्री बंड करीत नव्हती, असेही नाही. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. रीलिंग आणि वाइंडिंग खाती त्यांच्याच बळावर चालत. १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला, रात्रपाळीची बंदी होतीच, पुढे सुसूत्रीकरण आले. आणि बाईला कामावर ठेवणे 'महाग' पडते म्हणून मालकांनी तिला हळूहळू बाहेर काढले. हे होत असताना पुरुषांच्या नोकऱ्या टिकल्या, यावर संघटनांनीही समाधान मानले. गिरणीतून बाहेर पडलेल्या आणि गावाहून आलेल्या कितीतरी बायकांनी मग खानावळी चालवून हजारो गिरणी कामगारांना जेवू घातले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेव्हा कोठे त्यांच्या श्रमाला सावकाराच्या वहीबाहेर नाव मिळाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा उधारीवर जेवण घालून त्या संपाचा भार याच बायकांनी वाहिला. 'उंबरठा' त्याच वर्षीचा आहे. एकाच वर्षात, एकाच शहरात एक स्त्री पडद्यावर घर सोडत होती आणि हजारो स्त्रिया घरे तगवून संप लढवत होत्या.

त्या हजारोंवर चित्रपट निघाला नाही. २०१० साली महेश मांजरेकर यांनी जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकाच्या आधारे 'लालबाग परळ' काढला. परंतु तेथेही संपाची कहाणी प्रामुख्याने मुलांच्या वाताहतीतून आणि आईच्या सोसण्यातून सांगितली जाते. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरोधी संयुक्त आघाडी उभारली आणि हजारो गृहिणींना लाटणी घेऊन रस्त्यावर आणले. या मोर्च्यांवर तरी कोणता चित्रपट आहे? गिरणगावच्या लढ्यात पार्वतीबाई भोर होत्या, उषाताई डांगे होत्या. उषाताईंच्या आत्मकथनाचे नाव आहे 'पण ऐकतं कोण?' आणि ज्या हंसा वाडकरांच्या जीवनावर श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' काढला, त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'सांगत्ये ऐका'. एक म्हणते ऐका, दुसरी विचारते ऐकतं कोण. नटीच्या हाकेला निदान एका दिग्दर्शकाने ओ दिली. कामगार पुढारी स्त्रीचा प्रश्न अद्याप अनुत्तरितच आहे.

संप चिरडला गेला. नऊ वर्षांनी, १९९१ साली, 'माहेरची साडी'ने मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे विक्रम मोडले. सोसत सोसत मरणारी सून पाहून बायकांनी पदर ओले केले. या प्रेक्षक स्त्रियांची टिंगल करणे हा पुरोगामी वर्तुळातील आवडता विरंगुळा झाला. तो अन्यायाचा आहे. त्या आपल्याच घरची गोष्ट पाहत होत्या. जिच्या दुःखाची नोंद संघटनेच्या ठरावात होत नाही, ती तिकीट काढून ते दुःख रडून घेते. हा पराभव त्या स्त्रियांचा नव्हे, चळवळीचा आहे.

आज फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल उभा आहे. ज्या लोअर परळमध्ये बायका गिरणीच्या भोंग्यावर धावत होत्या, तेथे आता वातानुकूलित सभागृहात स्त्रीच्या मुक्तीचे खेळ लागतात. २०२३ सालच्या 'बाईपण भारी देवा'ला बायका गटागटाने, नटून-थटून गेल्या. एकत्र येण्याची त्यांची भूक खरी आहे. तिची कुचेष्टा करू नये. परंतु मंगळागौरीच्या स्पर्धेत सापडलेले बळ दुसऱ्या दिवशी घरभाडे, पगार आणि मारहाण यांच्यापुढे टिकावे कसे, हे बाजार सांगत नाही. ते सांगणे त्याच्या फायद्याचे नाही. उलट २०१६ सालच्या 'सैराट'मध्ये नागराज मंजुळे यांनी बंडाची पूर्ण किंमत दाखवली. ट्रॅक्टर चालवणारी, जातीच्या तोंडावर प्रेम करणारी, परक्या शहरात कष्टाने संसार उभारणारी आर्ची अखेर स्वतःच्या माणसांकडून मारली जाते. जेथे बंडामागे संघटना नसते, तेथे बंडखोर एकटा सापडतो.

म्हणून या साऱ्या नायिकांकडून घ्यायचा धडा १९८७ सालच्या केतन मेहता यांच्या 'मिर्च मसाला'त सापडतो. सत्तेने मागितलेली सोनबाई मिरचीच्या कारखान्यात आश्रय घेते. गाव तिला सुपूर्द करायला तयार होते. कारखान्यातील बायकाही आधी कचरतात, तिलाच दोष देतात. अखेर मिरचीपूड उधळून सुभेदाराला आंधळे करणारे हात मात्र त्यांचेच असतात. त्यांचे हत्यार म्हणजे त्यांचा रोजचा श्रम, आणि त्यांचा किल्ला म्हणजे कामाची जागा. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेल्या स्मिता पाटील यांचा हा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर लोकांसमोर आला. नीरा एकटी नाकारते, सुलभा एकटी निघते, सोनबाईच्या भोवती शेवटी बायका उभ्या राहतात. या तिन्ही वाटांतील फरक धैर्याचा नाही, सोबतीचा आहे.

ही सोबत देणे हे पक्षाचे काम आहे. घर सोडावे लागलेल्या स्त्रीला डोक्यावर छप्पर, हातात मजुरी आणि पाठीशी माणसे लागतात. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. त्याखाली आपल्या प्रभागातील किती मोलकरणींची नोंदणी झाली, हे प्रत्येक शाखेने शोधून काढावे. बैठका रात्री नऊला ठेवून 'बायका येत नाहीत' अशी तक्रार करणे थांबवावे. बैठकीतील चहाचे कप कोण विसळते, हेही एकदा इतिवृत्तात नोंदवावे. आणि पुढच्या वेळी एखाद्या नायिकेने पडद्यावर उंबरठा ओलांडला, तर टाळी वाजवण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःच्या घरच्या उंबरठ्याची उंची मोजावी. तो उतरवण्यासाठी कोणा दिग्दर्शकाची वाट पाहावी लागत नाही.