छापील अक्षराबाहेरचा वाचक

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागले आणि लोकवर्गणीवर तगून राहिलेल्या चळवळीला शासनाचा आधार लाभला. या आधाराचे मोल कमी नाही. परंतु वर्ग ठरविताना मुख्यतः ग्रंथ किती, नियतकालिके किती, सभासद किती, हे पाहिले जाते. ज्याला छापलेले पान वाचताच येत नाही त्याच्या हाती या ग्रंथालयातून काय पडते, हा प्रश्न त्या मोजमापाच्या केंद्रस्थानी कधी आलाच नाही.

असा वाचक अपवादात्मक नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील ५० लाखांहून अधिक माणसांची नोंद दृष्टिबाधित म्हणून झाली. अर्धांगामुळे पुस्तक हातात धरू न शकणारे आणि डिस्लेक्सियामुळे अक्षरे लावता न येणारे यांची भर त्यात घातली पाहिजे. या सर्वांना एकट्या ब्रेलने पुरे पडणार नाही. भारतीय भाषांसाठी समान ब्रेल लिपी १९५१ मध्ये स्वीकारली गेली आणि तिने हजारोंना साक्षर केले. तथापि एका साध्या कादंबरीचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात आणि उतारवयात दृष्टी गमावलेल्या माणसाला सहा टिंबांची ती लिपी नव्याने शिकणे जड जाते. त्याला हवे असते ध्वनिमुद्रित पुस्तक, किंवा संगणकाने वाचून दाखविता येईल असा मजकूर.

मराठीची अडचण नेमकी येथे आहे. संगणकावरील मजकूर बोलून दाखविणारी प्रणाली आज फुकट मिळते आणि ती मराठीही वाचते. परंतु युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेल्या पुस्तकाची मूळ प्रत तिच्या हाती दिली, तर ऐकू येतो तो निरर्थक गोंगाट. जुन्या ग्रंथांची पाने नुसती चित्रांसारखी टिपून ठेवली, तर तेवढेही ऐकू येत नाही. ग्रंथ जतन झाला असे अहवालात लिहिता येते, पण या वाचकासाठी तो होता तेथेच कुलूपबंद राहतो.

कायदा याबाबत समाजाच्या पुढे गेला आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करण्यास लेखक-प्रकाशकाच्या परवानगीची गरज उरली नाही. प्रत विना-नफा द्यावी आणि ती बाजारात जाऊ नये याची काळजी घ्यावी, एवढीच अट. हे करू शकणाऱ्या संस्थांमध्ये सरकारमान्य ग्रंथालयाचाही स्पष्ट उल्लेख आहे. २०१३ च्या माराकेश कराराला जगात सर्वप्रथम मान्यता दिली तीही भारतानेच, २४ जून २०१४ रोजी. म्हणजे तालुक्याच्या मान्यताप्राप्त वाचनालयाला हा अधिकार आजच आहे. तो बजावण्यासाठी माणूस, साधन आणि पैसा कोणी पुरवायचा, एवढेच त्या कलमाने सांगितलेले नाही.

ही पोकळी आजवर स्वयंसेवी संस्थांनी भरली. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघाचे कार्य सर्वश्रुत आहे. २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ही अशा संस्थांच्या सहकार्यातून उभे राहिले. त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सेवा जेव्हा दात्याच्या सवडीवर चालते, तेव्हा काय वाचायचे हेही बहुधा दाताच ठरवितो. पाठ्यपुस्तकाला वाचक-स्वयंसेवक मिळतो; रोजगार हमीच्या कायद्याला, वैचारिक पुस्तिकेला, ग्रामसभेपुढील अहवालाला कोण देणार? निवड करता न येणारा वाचक हा अर्धाच नागरिक राहतो.

‘असे वाचक आमच्याकडे येतच नाहीत’ हा आक्षेप ठरलेला असतो. जेथे वाचण्याजोगे काही नाही तेथे त्यांनी यावे कशाला? सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. तरी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. दोन्ही अन्यायांची जात एक नाही. परंतु कागदावरचा हक्क आपल्या पायांनी चालत घरी येत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. शासन ज्या मराठी पुस्तकांची खरेदी करते, त्यांची युनिकोड प्रत प्रकाशकाने शासनाकडे जमा करावी. जिल्हा व तालुका ग्रंथालयांच्या अनुदानात या सेवेसाठी स्वतंत्र तरतूद असावी आणि ग्रंथपालाला तिचे शिक्षण मिळावे. ज्याला घराबाहेर पडता येत नाही, त्याच्या फोनवर पुस्तक पोहोचविणे हे ग्रंथालयाचे नित्याचे काम मानले जावे. शेकडो कार्यकर्ते आज गावच्या वाचनालयांच्या कार्यकारिणीवर आहेत. पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेणे त्यांच्या हाती आहे. आणि चळवळीची स्वतःची पत्रके व पुस्तिका तरी ऐकून वाचता येतील अशा स्वरूपात निघतात की नाही, हे पाहण्यासाठी तर कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.