सहल पुढे ढकलता येते!

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस कोकणच्या किनाऱ्यावर घालवावेत, हा शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबांचा आता जणू नेमच झाला आहे. त्यासाठी कितीतरी आधी रेल्वेची तिकिटे काढावी लागतात, दिवेआगर, गणपतीपुळे किंवा तारकर्ली येथे खोल्या राखून ठेवण्यासाठी आगाऊ रक्कम भरावी लागते आणि रजेसाठी वरिष्ठांची मनधरणी करावी लागते. हे सारे जुळून यावे आणि निघण्यास तीन दिवस उरले असताना अरबी समुद्रात चक्रीवादळ आकार घेत असल्याची बातमी यावी! मग घरात वादाला तोंड फुटते. एक म्हणतो, भरलेले पैसे काही परत मिळायचे नाहीत. दुसरा म्हणतो, वादळ गुजरातकडे वळणार आहे, आपल्याला त्याचे काय? तिसरा विचारतो, हवामानखात्याचे अंदाज कधी खरे ठरले आहेत? अखेर बहुमताने जायचे ठरते.

हा तर ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न; त्यासाठी वर्तमानपत्राने आपले पहिले पान का खर्चावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ज्या किनाऱ्यावर वादळ येऊ घातले आहे तेथे गेलेला प्रवासी हा केवळ स्वतःपुरता प्रवासी राहत नाही. तो त्या गावाची जबाबदारी होऊन बसतो. ज्या तलाठ्याने आणि पोलिसपाटलाने गावातील म्हातारीकोतारी माणसे कच्च्या घरांतून शाळेच्या पक्क्या इमारतीत हलवायची, त्यांना या पाहुण्यांचीही मोजदाद करावी लागते. ज्या एस. टी. गाडीतून गावकऱ्यांनी बाहेर पडायचे, तिच्यात पाहुण्यांनाही जागा द्यावी लागते. म्हणून हा प्रश्न सार्वजनिक आहे.

पहिली गोष्ट अशी की, हा प्रसंग क्वचित येणारा आहे हा समजच चुकीचा आहे. अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे हंगाम दोन. एक मोसमी पावसाच्या आगमनाच्या सुमाराचा, म्हणजे मे-जूनचा. दुसरा पाऊस परतल्यानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. ऐन पावसाळ्यात वातावरणाच्या वरच्या आणि खालच्या थरांतील वारे इतक्या भिन्न दिशांनी व वेगांनी वाहतात की, चक्रीवादळाला आपला डोलारा उभा करताच येत नाही. तो अडसर दूर झाला आणि समुद्राचे पाणी तापलेले असले की त्याला वाट मोकळी होते. आता हे महिने आपल्या सुट्ट्यांच्या शेजारी मांडून पाहावेत. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळी आणि नाताळ ही तिन्ही नेमकी याच दोन हंगामांत पडतात. २००९ च्या नोव्हेंबरातील ‘फयान’, २०१७ च्या डिसेंबरातील ‘ओखी’, २०२० च्या जूनमधील ‘निसर्ग’ आणि २०२१ च्या मे महिन्यातील ‘तौक्ते’ ही नावे कोकण विसरलेले नाही. तेव्हा किनाऱ्यावरची सहल आखतानाच ती मोडण्याची किंवा पुढे ढकलण्याची तयारी ठेवणे हा भित्रेपणा नसून साधा हिशेब आहे.

दुसरा आक्षेप अंदाजांविषयीचा. २०१९ च्या दिवाळीत ‘क्यार’ वादळ कोकणच्या समुद्रात आले आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, त्याने महाचक्रीवादळाचे रूप घेतले. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्राने एवढे प्रचंड वादळ पाहिले नव्हते. परंतु ते आपल्या किनाऱ्यावर न येता ओमानच्या दिशेने गेले आणि समुद्रातच विरले. ‘एवढा गवगवा केला आणि वादळ आलेच नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या हाती तेव्हापासून एक आयते उदाहरण लागले आहे. पण नकाशावर दाखविलेली रेषा ही वादळाच्या केंद्राची संभाव्य वाट असते. वादळाचा विस्तार शेकडो किलोमीटरांचा असतो आणि त्याने उठविलेल्या लाटा त्याहूनही दूरवर पोहोचतात. याचा दाखला आपल्या दाराशीच आहे. १५ जून २०२३ रोजी ‘बिपरजॉय’ वादळ कच्छमधील जखाऊ बंदराजवळ किनाऱ्यावर आले. जखाऊ मुंबईपासून सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर. तथापि त्याच्या तीन दिवस आधी, १२ जूनला, जुहूच्या खवळलेल्या समुद्राने चार मुलांचा बळी घेतला होता. वादळ गुजरातकडे वळले म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे विसरू नये.

मग निर्णय कधी घ्यावा? त्याचेही वेळापत्रक हवामानखात्याने घालून दिले आहे. किनाऱ्यास धोका संभवत असेल तर सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी इशारा आणि सुमारे १२ तास आधी अखेरचा, लाल इशारा, असा हा क्रम आहे. आमच्या मते पूर्वसूचना मिळताच प्रवाशाने मुक्कामाच्या ठिकाणी दूरध्वनी करून तारखा बदलण्याचे बोलणे सुरू करावे आणि पिवळ्या इशाऱ्यानंतर घर सोडू नये. जे आधीच तेथे पोहोचले असतील त्यांनी नारिंगी इशाऱ्याची वाट न पाहता दिवसाउजेडी परतीची वाट धरावी. शेवटच्या दिवशी निघणाऱ्याला कोसळलेली झाडे, घाटातील दरडी आणि रद्द झालेल्या गाड्या यांतून मार्ग काढावा लागतो. ‘निसर्ग’ वादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील कित्येक गावे दिवसचे दिवस विजेवाचून राहिली. तेथे पाहुण्यांची काय सोय लागली असती?

शासनाने मनावर घेतले तर काय घडू शकते, हे ओडिशाने दाखवून दिले आहे. ३ मे २०१९ च्या सकाळी ‘फनी’ वादळ पुरीजवळ किनाऱ्यावर येऊन आदळले. मे महिना म्हणजे पुरीत यात्रेकरूंची आणि सहलींना आलेल्या कुटुंबांची गर्दी. परंतु आदल्या दिवशीच प्रवाशांना पुरी सोडण्यास सांगण्यात आले, त्यांच्यासाठी रेल्वेने खास गाड्या सोडल्या, आणि किनाऱ्यावरील सुमारे १२ लाख लोकांना सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आले. १९९९ च्या महाचक्रीवादळाने ज्या राज्यात सुमारे १० हजार माणसे मारली, तेथे या वेळी मृतांची संख्या ६४ वर राहिली. एकेक जीव मोलाचा आहे हे खरेच. पण या दोन आकड्यांमधील अंतर वेळेवर हाललेल्या पावलांनी पाडलेले आहे.

आता पैशांचा प्रश्न. तो क्षुल्लक आहे असे आम्ही म्हणणार नाही. वर्षभर पै-पै साठवून सहलीला निघणाऱ्या कुटुंबाला बुडालेली आगाऊ रक्कम जड जाते, आणि याच चुटपुटीपायी शहाणी माणसेही धोका पत्करतात. गाडीच रद्द झाली तर रेल्वे तिकिटाचे पैसे परत करते. परंतु खोलीसाठी भरलेल्या पैशांबाबत ज्याचा त्याचा रिवाज वेगळा. वादळाची घोषणा झाल्यावर धावपळ करून काढलेला प्रवासविमाही सहसा त्या वादळापुरता निरुपयोगी ठरतो. उलट बाजूने पाहिले तर ‘निवास व न्याहारी’वर घर चालविणाऱ्या यजमानाचे तरी काय चुकले? त्याने धान्य भरले आहे, दोन माणसे कामाला ठेवली आहेत, आणि वादळ आलेच तर पहिला घाव त्याच्या पोफळीच्या बागेवर आणि छपरावर पडणार आहे. पैसे परत देऊन तो दुहेरी बुडावा, ही अपेक्षा न्यायाची नव्हे.

यावर आमची सूचना साधी आहे. हवामानखात्याचा पिवळा इशारा जारी झाला की त्या भागातील राखीव खोल्यांची आगाऊ रक्कम वर्षभराच्या आत दुसऱ्या कोणत्याही तारखांसाठी आपोआप ग्राह्य धरावी, असा नियम पर्यटनखात्याने करावा. तसे झाले तर यजमानाच्या हातचा पैसा जाणार नाही आणि पाहुण्याची सहलही बुडणार नाही. नियम होईपर्यंत आपण हा रिवाज आपसांत पाडू शकतो. पैसे परत मागण्याऐवजी तारीख बदलून मागावी, आणि वादळ सरल्यावर, तेथील रस्ते व वीज सुरू झाल्याची खात्री करून, त्याच घरी आवर्जून जावे. उद्ध्वस्त झालेल्या गावाला सहानुभूतीच्या पत्रापेक्षा चार दिवस राहून जाणाऱ्या पाहुण्याचा उपयोग अधिक होतो.

अखेर एक दृश्य वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की मालवण-देवगडपासून वसईपर्यंतचे मच्छीमार होड्या किनाऱ्याला ओढतात आणि जाळी आवरतात. समुद्र त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी अधिक कळतो, आणि बंद राहिलेल्या प्रत्येक दिवशी त्यांच्या चुलीवर परिणाम होतो. तरीही पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला हात न लावण्याचा संयम त्यांच्या पूर्वजांनी पाळला आणि तेही बावट्याचा मान राखतात. त्याच वेळी त्याच किनाऱ्यावर, लाटा पाहण्यासाठी म्हणून, शहरातून आलेली मंडळी मुलाबाळांना घेऊन पाण्याच्या दिशेने चालू लागतात! ज्याची भाकरी समुद्रावर अवलंबून आहे तो घरी थांबतो. ज्याची केवळ चार दिवसांची मौज त्यावर अवलंबून आहे त्याला थांबणे जड का जावे? बांधलेल्या बॅगा सोडताना मुले हिरमुसतील, हे आम्ही जाणतो. त्यांची समजूत घालणे आईबापांच्या हाती आहे, आणि सहल पुढच्या महिन्यातही निघू शकते.